व्हिजिटिंग चार्ज फोनवरच सांगा, आणि सगळ्यांना एकच सांगा

"नुसतं बघायचे 250 रुपये?" हे प्रत्येक वायरमनला, प्लंबरला ऐकावं लागतं. विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, त्याला दिसतं एवढंच की माणूस आला, टेस्टर लावला, दहा मिनिटात फॉल्ट सापडला आणि पैसे मागतोय. पण आपल्यातल्याच बऱ्याच जणांना 250 का आणि 150 का नाही हे सांगता येत नाही, शेजारचा घेतो म्हणून आपण घेतो, खरी गडबड तिथंच आहे.

हिशोब अवघड नाहीये. घरखर्च, मुलांची फी, गाडी, हत्यारं, मेडिक्लेम, आजारी पडलो तर बाजूला टाकायचे पैसे (आपल्याला ना पीएफ ना भरपगारी रजा), सगळं धरून महिन्याला 45 हजार लागतात असं समजा. कामाचे 25 दिवस, म्हणजे दिवसाला 1800. आता दिवसभर हाताला काम नसतं, सिंहगड रोडचं ट्रॅफिक, तपकीर गल्लीत सामान आणायला चक्कर, गिऱ्हाईकाची वाट बघणं, यातून कामाचे 5 तास उरतात असं धरा. तासाला 360 झाले. पहिल्या अर्ध्या तासाचे 180, वर पेट्रोल आणि गाडीची झीज, की 5-6 किलोमीटरच्या आत 250 बरोबर बसतात. फक्त एक, रस्त्यातला वेळ त्या 360 मध्ये आधीच धरलाय, तो परत वेगळा लावला तर गिऱ्हाईकाकडून दोनदा घेतल्यासारखं होतं. धायरीहून वाघोलीला जायचं असेल तर जास्तीचे घ्या की, पण निघायच्या आधी सांगून.

'व्हिजिट फ्री' म्हणणाऱ्यांबद्दल स्पष्टच बोलतो. फुकट कुणी येत नाही भाऊ, ते पैसे सामानातून निघतात. चांगला एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) खराब म्हणून बदलला जातो, गिझरच्या पॉइंटला 2.5 स्क्वेअर एमएमची जाड वायर पाहिजे तिथं 1.5 ची बारीक वायर ओढतात, ती आतल्या आत तापत राहते आणि भिंतीत असल्यामुळे कुणाला दिसत पण नाही. त्यापेक्षा 250 उघड घ्या आणि सामानाचं दुकानाचं बिल तसंच्या तसं हातात द्या.

आणि घर बघून रेट बदलणं मला अजिबात पटत नाही. पेठेतल्या वाड्यात 200 आणि बाणेरच्या टॉवरमध्ये 600, का? गेटवर एंट्री, पार्किंग बाहेर, यात अर्धा तास गेला तर त्या वेळेचे मागा. सोफा बघून मागू नका.

निघण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा, ताई शेजारी लाईट आहे का, मेन स्विच खाली पडलाय का? पहिल्या पावसात अर्धे फोन असेच असतात, अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेलेली असते, तिथं आपलं काय काम, महावितरणचा 1912 नंबर द्या. जळका वास येतोय म्हणाले तर रेट नंतर, आधी मेन बंद करायला सांगा. बोर्ड गरम असेल तर हात लावू नका म्हणावं.

रात्री दहानंतर दीडपट, हे मला रास्त वाटतं. आपण केलेलं तेच काम महिन्याच्या आत परत बिघडलं तर व्हिजिट घ्यायची नाही.

धायरी, नऱ्हे, वडगाव भागातल्या वायरमन, प्लंबर, एसीवाल्यांनी आपापले रेट खाली कमेंटमध्ये टाका, रात्रीचा आणि रविवारचा वेगळा लिहा.