मावशींना बोल लावण्याआधी

माझा दादा ३४ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. रोज नाशिकच्या सिडकोतून गंगापूर रोडच्या दिव्यांगांसाठीच्या एका केंद्रात जातो. गेल्या वर्षी त्याला जेवताना सारखा ठसका लागायचा, दोनदा छातीत कफ भरला. म्हणून एका दुपारी मी डब्याच्या वेळी तिथे जाऊन बसले.

केंद्रातल्या मदतनीस मावशी उभ्यानेच वरणभात भरवत होत्या. घास वरून आला की दादा मान मागे टाकायचा. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती असते. मी चिडले, नको तेवढं बोलले.

मावशी एवढंच म्हणाल्या, "ताई, बसून भरवायचं ते ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. पण बसू कशावर? अजून सहा जणांना भरवायचंय."

खरंच, तिथे एकही बुटकं स्टूल नव्हतं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, सर्टिफिकेट भिंतीवर होतं, स्टूल मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

आम्ही पालकांनी दोन स्टुलं आणून दिली. केंद्राच्या फिजिओताईंनी आधी स्वतः भरवून दाखवलं: समोर बसायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा खालून न्यायचा, अर्धा चमचाच, गिळल्याशिवाय पुढचा घास नाही. मग मावशींनी भरवलं, ताई शेजारी बसून बघत होत्या आणि तिथल्या तिथे सांगत होत्या. चुकलं ते सांगितलं, जमलं तेही सांगितलं. जेवणाच्या दोन पाळ्या केल्या. ठसका बराच कमी झाला.

तीन आठवड्यांनी मावशी पुन्हा उभ्या! कारण मधल्या काळात कुणी फिरकलंच नव्हतं. आता दर बुधवारी सुपरवायझर दहा मिनिटं जेवणाशी बसतात. टिकलंय ते त्यामुळे.

कागदावर आपल्याकडे कमी नाही. विशेष शिक्षकांच्या नोंदणीसाठी १९९२ चा पुनर्वसन परिषदेचा कायदा आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, काळजीवाहक घडवायला केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टने 'सहयोगी' योजना आणली. पण दादाच्या तोंडात घास घालणारा हात मावशींचा आहे, आणि सगळ्यांत कमी पगार, सगळ्यांत कमी शिकवणी त्यांच्याच वाट्याला येते. काम नीट होत नसेल तर "लक्ष नाही त्यांचं" म्हणून मोकळं होणं मला आता पटत नाही. येत नाही, की येतं पण सोय नाही, की सोय आहे पण बघणारं कुणी नाही, हे आधी शोधा. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

नाशिकमधल्या पालकांनो, तुमच्या मुलाच्या केंद्रात एकदा जेवणाच्या वेळी जाऊन बसा. मावशींना विचारा, काय अडतंय? आमच्याकडे पुढची मागणी त्यांचीच आहे: उचलताना कंबर भरते, दोघींनी मिळून कसं उचलायचं ते शिकवा. येत्या बुधवारी फिजिओताई तेच दाखवणार आहेत.