‘मोबाईल झाडाला बांधा’ म्हणणाऱ्या काकांना

काका, आंब्याच्या बागेत मोबाईल वापरण्यावरची तुमची कमेंट वाचली. ‘मोबाईल झाडाला बांधून ठेवा म्हणजे मोहर येईल, आमच्या वडलांनी ॲप न बघताच हापूस पिकवला’ असं लिहिलंत. आधी हसलो, मग जरा लागलंही, कारण त्यातलं अर्धं खरंच आहे.

मागच्या डिसेंबरात आंब्याच्या दोन कलमांची पानं काळी पडली. फोटो काढून एका ॲपात टाकला (रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढावं लागलं, ते वेगळंच), त्याने बुरशी सांगितली आणि मी बुरशीनाशक मारून मोकळा झालो. आठ दिवसांनी पानं काळी ती काळीच. शेजारचे आजोबा आले, पानावरून बोट फिरवलं न् म्हणाले, चिकट लागतंय बघ, तुडतुडे आहेत. बुरशी होतीच हो, पण तुडतुड्यांनी, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी, सोडलेल्या चिकट रसावर वाढलेली, आणि फोटो पानाचा काढला तर मोहरातला तुडतुडा त्यात दिसणार कुठून? फवारा फुकट गेला, मोहरही बराच गेला. तेव्हा रोग ओळखायच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य.

पण कल्टारचं, म्हणजे मोहर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी घालायच्या औषधाचं, जे म्हणताय, ‘हाताला अंदाज असतो’, ते नाय पटलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या पसाऱ्याच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, म्हणजे ८ मीटरच्या कलमाला २४. खालून बघून १० मीटर वाटलं की ६ मिली जास्त गेलं, त्यात ते औषध मातीत बराच काळ टिकतं आणि पुढच्या जुलैत आपण परत त्याच अंदाजाने घालणार, मग पालवी आखूड आली, मोहर गुच्छासारखा झाला की हवामानाच्या नावाने बोंब! मोजतो मी टेपनेच, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर, दोन्हीची सरासरी. फोनात फक्त कलमाचा नंबर, व्यास, तारीख आणि किती घातलं ते, हिशेब तो करतो. वहीत का नाही? वही होती की, पावसात लगदा झाला तिचा.

मेघदूत या सरकारी हवामान ॲपवर मंगळवारी-शुक्रवारी सल्ला येतो तोही वाचतो, पण खाडीकडे धो धो आणि आमच्या सड्यावर थेंब नाही हे त्याला कसं कळावं, म्हणून पंप खांद्याला लावायच्या आधी आभाळ बघतोच.

आता तुमच्या वडलांच्या हातच्या एका कलमाचा व्यास आधी नजरेने सांगा, मग टेप लावा आणि दोन्ही आकडे इथे टाका. फरक अर्ध्या मीटरच्या आत निघाला तर कल्टारचा परिच्छेद मी पोस्टमधून काढून टाकतो.