हरलेल्यांनाही पुढचा रविवार हवा

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान आहे. एका कडेला कडुनिंब, दुसऱ्या कडेला पाण्याची टाकी. पावसाळ्यात घोटाभर चिखल आणि चैत्र लागला की हात जाईल एवढ्या भेगा. महिनाभरापासून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या मैदानाचाच विषय चालू आहे. काहींचं म्हणणं, निधी येतोच आहे तर अर्ध्या जागेवर सभागृह बांधून घ्या, लग्नकार्याला कामी येईल. काहींना ओपन जिम पाहिजे. शाळेचा पट 17 वर आला आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची भाषा सरकारनं 2023 मध्ये काढली, तेव्हापासून शाळाच राहिली नाही तर मैदान कोणासाठी, हाही सवाल आहेच. आमच्या एका काकाजींनी लिहिलं, "खेळून काय भेटते पोट्ट्याईले? भरतीत मार्क भेटत असन तं सांगा."

हे सगळं मी कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात बसून वाचते. इथल्या एका छोट्या गावात मी नर्स आहे. काकाजींचा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण गेल्या ऑक्टोबरात माझी दहा वर्षांची लेक इथल्या मुलांच्या कर्लिंग लीगमध्ये जायला लागली, आणि दर शनिवारी बर्फाच्या कडेला उभी राहून मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असते.

कर्लिंग हा बर्फावरचा खेळ. साधारण 45 मीटर लांब पट्टी, तिच्या टोकाला बर्फाखाली रंगवलेली वर्तुळं. सगळ्यात मोठं वर्तुळ 12 फुटांचं. त्याला 'हाऊस' म्हणतात, म्हणजे घर. चार जणांचा संघ ग्रॅनाइटचे दगड सरकवत त्या घराच्या मध्यापाशी न्यायला बघतो. मोठ्यांचा दगड जवळपास 20 किलोपर्यंत असतो, लहान मुलांना त्याच्या निम्म्या वजनाचा देतात. एक जण दगड सोडतो, दोघं त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत धावतात आणि चौथा, म्हणजे स्किप, घरापाशी उभा राहून कुठे टाकायचा ते दाखवतो. घासल्यानं बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. हा प्रांत या खेळासाठी जीव टाकतो. 1998 ला नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये कॅनडाला महिलांचं सुवर्ण मिळवून देणारी सँड्रा श्मिर्लर इथल्याच बिगर नावाच्या दोनेक हजार वस्तीच्या गावची. एवढी तर आपल्याकडे एखाद्या ग्रामपंचायतीची लोकसंख्या असते.

पहिल्या शनिवारी आम्ही जरा लवकर पोचलो होतो. सत्तरीचा एक शेतकरी पाठीवर टाकी बांधून, हातातल्या नळीनं डावी-उजवीकडे पाणी शिंपडत, उलटा चालत येत होता. मला क्षणभर आमच्या वावरात पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करणारे बाबाच दिसले. तो बर्फावर पाण्याचे थेंब टाकत होता. थेंब पडले की गोठतात, बर्फावर बारीक पुरळ उठते आणि दगड त्या पुरळावरून चालतो. गुळगुळीत बर्फावर तो मधेच अडकून बसतो. सणावाराच्या पहाटे आई अंगणात सडा टाकायची ना, हात तसाच फिरत होता. हा माणूस मसूर पिकवतो. इथली मसूर भारतात जाते, आणि परदेशी डाळ आली की तुरीचे भाव पडतात अशी ओरड आपल्याकडे दरवर्षी होते. ती ओरड खोटी नाही, माझ्या घरची तूर त्यात विकली गेली आहे. पण हाच माणूस थंडीभर दर शनिवारी, बाहेर उणे तीस असलं तरी, सकाळी आठला येऊन पोरांसाठी बर्फ तयार करतो आणि त्याचा एक पैसा घेत नाही. या दोन्ही गोष्टी मी मनात सोबतच ठेवते.

फेब्रुवारीतला एक शनिवार सांगते. शेवटचा एंड, म्हणजे डाव, चालू होता, दोन्ही संघ बरोबरीत. आमचा दगड घराजवळ येत होता आणि माझी लेक जीव खाऊन ब्रश मारत होती. दगड थांबला तो अगदी मध्यावर. सगळे ओरडले. तेवढ्यात लेकीनं हात वर केला. "माझा ब्रश लागला," ती म्हणाली. कोणीच पाहिलं नव्हतं. मी काचेमागे उभी होते, मीही नाही. या खेळात क्लबच्या सामन्याला पंच नसतो. ज्याचा ब्रश चालत्या दगडाला लागला, त्यानं स्वतः सांगायचं, आणि दगड घराजवळ असेल तर पुढे काय करायचं ते समोरचा स्किप ठरवतो. समोरची स्किप बारा वर्षांची पोरगी. तिनं थोडा विचार केला आणि दगड काढायला सांगितला. आम्ही एका गुणानं हरलो. मग आठही पोरांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि सगळी मिळून हॉट चॉकलेट प्यायला गेली. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी एका टेबलावर बसायचं, हा इथला जुना रिवाज आहे. अन्यायानं जिंकण्यापेक्षा हरणं बरं, असं या खेळाच्या नियमपुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे.

त्या रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, बाबांना फोन केला. बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "कोनी पाह्यलं नोतं, तं पोरीनं हात काऊन वर केला?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "चांगलं केलं."

मला मात्र त्या दिवसापेक्षा पुढचा शनिवार जास्त शिकवून गेला. हरलेली पोरं पुन्हा आली. त्याच्या पुढच्या शनिवारीही आली. संघात एक मुलगा आहे, त्याचा दगड अर्ध्या वाटेवरच थांबायचा. डिसेंबरपर्यंत थांबत होता, जानेवारीत पोचायला लागला. त्याला कोणी काढलं नाही, कारण काढायची सोयच नाही. नाव घातलं की मार्चपर्यंत प्रत्येक शनिवारी खेळायचं.

माझ्या वाट्याला हे आलं नव्हतं. मी आठवीत असताना आमच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला गेला. आम्ही दोन महिने मैदानातली ढेकळं फोडून, पांढऱ्या फक्कीनं रेषा आखून सराव केला होता. सकाळी दहाला पहिला सामना झाला, साडेदहाला आम्ही हरलो. टेम्पो संध्याकाळी पाचचा. तोवर आम्ही बारा जणी एका झाडाखाली डबे उघडून बसलो आणि जिंकलेल्यांचे सामने बघितले. पुढच्या वर्षी मुलींचा संघ नेलाच नाही. "मागच्या वर्षी काय दिवे लावले?" असं आम्हाला विचारण्यात आलं. माझं खो-खो त्या अर्ध्या तासात संपलं. माझ्यासोबतच्या एकीची पळण्याची ढब मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तिचं लग्न अकरावीत झालं.

आपल्या क्रीडाशिक्षकांकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत: बाद पद्धत, म्हणजे हरला तो घरी, आणि साखळी पद्धत, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, ही आपली सगळी शालेय शिडी मुख्यतः बाद पद्धतीवर चालते. सोळा संघ आले की दुपारपर्यंत आठ घरी. जो आधीच चांगला खेळतो त्याला आणखी सामने मिळतात, ज्याला शिकायची गरज आहे त्याला एकच. मग शेवटी हातात राहतं ते प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण त्यावर, सरकारी नोकरीतलं 5 टक्के आरक्षण त्यावर. म्हणून तर बोगस क्रीडा प्रमाणपत्रांच्या बातम्या येतात. खेळाची किंमत आपण कागदावर आणून ठेवली, तर माणसं खेळाऐवजी कागद मिळवणारच.

काकाजींवर मला राग धरता येत नाही. माझा भाचा रोज पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर 1600 मीटर पळतो, शेजारून ट्रक जात असतात. पोलीस भरतीच्या गोळाफेकीसाठी 7.26 किलोचा गोळा त्यानं मित्रांसोबत वर्गणी करून आणला. खारपाणपट्ट्यातलं कोरडवाहू वावर, विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, कापसाच्या भावाचा भरवसा नाही. अशा घरातल्या पोरानं पळण्यातून नोकरी शोधली तर त्याला नावं ठेवायचा हक्क मला इथे बसून नाही. पण पळायला त्यानं एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केली. दहाव्या वर्षी त्याच्यासाठी गावात काहीच नव्हतं. भरतीच्या दृष्टीनं पाहिलं तरी हा तोटाच आहे.

इथलं सगळं चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही. माझ्या लेकीला गल्ली नाही. "ए, येतं का खेळाले?" अशी हाक तिनं आयुष्यात ऐकली नाही. इथे मैत्रीण भेटायची तर दोन आयांनी आधी वेळ ठरवावी लागते. आम्ही दिवाळीत गावी आलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी चार पोरी तिला ओढून लंगडी खेळायला घेऊन गेल्या. भाषा अर्धीमुर्धी, तरी रात्री जेवायला हाका माराव्या लागल्या. असं इथे पैसे देऊनही मिळत नाही. शिवाय बर्फ टिकवायला वीज लागते, पोरांना आणायला-न्यायला गाडी लागते, आणि या गावातही पोरं कमी होत चालली आहेत. क्लबच्या बैठकीत "यंदा नावं किती?" ही काळजी ऐकते तेव्हा मला आमच्या शाळेचे 17 आठवतात.

म्हणून माझं मत सरळ सांगते. मैदान अख्खं ठेवा. सभागृह गावठाणाच्या दुसऱ्या जागेवर होईल. ओपन जिमच्या लोखंडी सांगाड्यांवर तिसऱ्या वर्षी शेवया वाळत घातलेल्या मी शेजारच्या गावात पाहिल्या आहेत. आणि मैदानावर साखळी सुरू करा. आपल्याला कर्लिंग नको, बर्फही नको. ज्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, ज्याच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, ती अमरावती आमच्या गावापासून तास-दीड तासावर आहे. लंगडी, खो-खो, कबड्डी आपल्याला कोणी शिकवायला नको.

आजूबाजूची सहा गावं घ्या. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजे पंधरा सामने, दर रविवारी तीन, पाच रविवारांत पूर्ण. बारा वर्षांखालची पोरं-पोरी मिसळून, आणि नाव दिलेला प्रत्येक जण खेळलाच पाहिजे. दिवाळीपासून कापूस वेचायला घरचे सगळे हात लागतात, पोरांचेही, म्हणून तेव्हा नको. संक्रांत झाली की सुरू करायचं आणि ऊन तापायच्या आत आटपायचं. खर्च फक्कीचा आणि खो-खोच्या दोन खांबांचा. तो मी देईन, पण अडचण पैशाची नाहीच. भागवत सप्ताहाला आणि मोठ्यांच्या कबड्डीच्या सामन्यांना आपलं गाव एका आठवड्यात वर्गणी उभी करतं. पाचही रविवारी न चुकता सकाळी मैदानावर येणारा माणूस मिळणं अवघड आहे. इथल्या मसूरवाल्या म्हाताऱ्यासारखा. तसा एक माणूस आमच्या घरात आहे, म्हणून मी धाकट्या भावाला फोन केला.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, पंच कोन राहीन? आपल्या इकडं पंचावरूनच भांडनं होतात."

मी म्हटलं, पंच ठेवूच नको. पोरांचं पोरांना ठरवू दे. मोठी माणसं रेषेच्या बाहेर, कडुनिंबाखाली बसतील.

"डोके फुटतीन," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "दोन रविवार पाहू. फक्की किती लागन?"