२५,००० तास नेमके कशाचे?

‘एलईडी बल्ब २५,००० तास चालतो, एकदा लावला की दहा वर्षं बघायला नको’ हे तुमच्याकडच्या एलईडी बल्बवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात बंद काचेच्या शेडमधले तीन बल्ब दीड-दोन वर्षांत गेले. शेवटच्याचं झाकण वायरमनने स्क्रूड्रायव्हरने उचकटून दाखवलं. चकतीवरचे पिवळे ठिपके, म्हणजे उजेड देणारे एलईडी, सगळे शाबूत होते, खालच्या सर्किटमधला करंगळीच्या नखाएवढा कपॅसिटर (थोडी वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा भाग) मात्र टम्म फुगला होता. म्हणजे एलईडी धडधाकट, गेला तो त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर! या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो आटत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. बंद शेडमध्ये उष्णता जाणार कुठे?

मी काही इंजिनिअर नाही, म्हणून लेखकांना मनापासून विचारते. उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हे एलईडीचं आयुष्य धरतात, मग ड्रायव्हरचं कोण मोजतं? सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ही फार मोठी गोष्ट आहे, आमच्यासारख्यांच्या घरात एलईडी आला तो त्यामुळेच. पण त्या काटकसरीत कपॅसिटरच्या दर्जाला कात्री लागली का? फिलिप्सने २०१६ मध्ये दुबईसाठी जास्त एलईडी घालून कमी विजेवर, थंड चालणारा दिवा केलाच ना? मग ‘बंद शेडमध्ये लावू नये’ एवढं तरी प्रत्येक खोक्यावर ठळक मराठीत का छापत नाहीत?