"लोकल मॅचमध्ये बघायचं काय?"

शुक्रवार उजाडला की माझ्या डोक्यात कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. आणि ऑफिसात तोच प्रश्न, "वीकेंडला कुठली फुटबॉल मॅच बघणार, लिव्हरपूल की आर्सेनल?" मी म्हणतो, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण. की झालंच, "हॅ, लोकलमध्ये काय बघायचं?"

अरे, कोल्हापुरात राहता ना तुम्ही? इथं संघांना तालमींची, मंडळांची नावं आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. मॅच असली की अख्खी पेठ स्टेडियमकडं निघते. आजोबा नातवाला खांद्यावर बसवून आणतात, हलगी कडाडत असते. गोल झाल्यावर जो आवाज उठतो ना, तो टीव्हीवर कधीच ऐकू येणार नाही! याच मातीतला अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तेव्हा मात्र सगळ्यांच्या स्टेटसवर 'आपला कोल्हापूरचा पोरगा'.

त्याच्यासारखी पोरं कुठं घडतात, वाटतं काय तुम्हाला? रात्री दहाला मँचेस्टरची मॅच जरूर बघा, मीही बघतो. पण दुपारी रिकामे असताना दोन किलोमीटरवरच्या पोरांसाठी पाय निघत नाही, याचा फार राग येतो. दर आठवड्याला येतो.

रविवारी मी गॅलरीत आहे. शेजारची जागा धरून ठेवतो, या.