‘सिव्हिल सोडा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

‘सिव्हिलची डिग्री म्हणजे कर्जाचा सापळा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या पुण्यातल्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या भाचीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, सिव्हिल इंजिनिअरिंग मिळालंय, सीट फ्रीझ म्हणजे पक्की करायची मुदत तोंडावर आलीय आणि नेमका हा मेसेज वाचून घरात रडारड सुरू झाली. मी एका ठेकेदाराकडे बिलिंग बघते, रोजचा संबंध याच धंद्याशी. मला गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं: डिग्रीला सहा लाखांचं लोन लागतं. पास झाल्याच्या दुसऱ्याच महिन्यापासून १३ हजारांचा हप्ता आणि हातात पगार १५ हजार. त्यापेक्षा गवंडी जास्त कमावतो. सिव्हिलमध्ये आता कामंच उरलेली नाहीत. तेव्हा मिळालेली सीट सोडा आणि मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घ्या.

शेवटचा सल्ला आधी घेते, कारण खरा घात त्यानेच होणार आहे. उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय कुणी वाचायची तसदी घेतलीय का? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. ती विनाअनुदानित खासगी कॉलेजांतही लागू आहे. अट एकच महत्त्वाची: प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश त्यातून वगळलेत. खासगी अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठंही वगळलीत.

म्हणजे माझ्या भाचीने हा मेसेज ऐकला, तर जिथे शिक्षण फी शून्य आहे ती सीट ती सोडणार आणि जिथे पूर्ण फी भरावी लागते तिथे जाणार. मग सहा लाखांचं लोन खरंच काढावं लागेल. कर्जाची भीती घालून कर्जातच ढकलायचं, हा कुठला न्याय? बापाची सही त्या लोनवर सहकर्जदार म्हणून असते, हप्ते थकले तर त्याचाही सिबिल खराब होतो. मेसेज लिहिणाऱ्याचं काय जातंय!

आता हप्त्याचा हिशेब. दुसऱ्या महिन्यापासून हप्ता, हे साफ खोटं. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत असते आणि फेड १५ वर्षांपर्यंत लांबवता येते. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे सहा लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजाने रक्कम ८ लाख १० हजार होते. दहा वर्षांत फेडायचं तर महिना १०,७०० च्या आसपास, पंधरा वर्षांत ८,७०० च्या आसपास. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर दहा वर्षांचा हप्ता आठ हजारांच्या आत येतो.

आणि हो, एवढं मान्य करावंच लागेल की सुरुवातीचा पगार कमी आहे. पंधरा-अठरा हजारांवर साईटला उभी राहणारी पोरं मी रोज पाहते. त्या पगारात दहा हजारांचा हप्ता कुणालाही झेपणार नाही. सहा लाखांचं लोन काढून सिव्हिल करू नका, असं कुणी म्हणालं तर माझी हरकत नाही. पण भाची हडपसरला घरीच राहून शिकणार. डेव्हलपमेंट फी, पुस्तकं, जाणं-येणं यासाठी चार वर्षांत मिळून दीड लाख काढावे लागले, तर वरच्याच व्याजाने पाच वर्षांचा हप्ता ४,३०० च्या आसपास बसतो. अठरा हजारांतून तो निघतो.

शिवाय पगार तिथेच थांबत नाही. पहिली एक-दोन वर्षं पोरगं स्लॅबच्या आधी सळई मोजतं, बीबीएसशी (सळयांच्या मापांच्या तक्त्याशी) ताळा घेतं, काँक्रीटचे नमुना क्यूब भरून सात आणि अठ्ठावीस दिवसांचे मजबुतीचे रिझल्ट नोंदवतं. मग जो झालेल्या कामाचं मोजमाप पुस्तक नीट लिहायला आणि आरए बिल (काम चालू असतानाचं टप्प्याटप्प्याचं बिल) क्लायंटकडून पास करून आणायला शिकतो, त्याला ठेकेदार सोडत नाही. कारण ठेकेदाराचा पैसा त्या बिलावरच येतो. पगाराची खरी उडी तिथे बसते.

गवंड्याचं म्हणाल तर कसबी गवंड्याची हजेरी पुण्यात चांगली आहे, नाही कोण म्हणतंय? पण पावसाळ्यात काम बसलं की हजेरीही बसते, आणि परांचीवरून पडला तर पुढचे महिने घर कोण चालवणार? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असलेल्या गवंड्याच्या मुलांना अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. माझ्या साईटवरचे मिस्त्री त्याची कागदपत्रं गोळा करत फिरतात. त्यांना विचारा डिग्री हवी की नको.

‘कामं उरली नाहीत’ याला काय उत्तर द्यायचं? शिवाजीनगर–हिंजवडी मेट्रो, स्वारगेट–कात्रज भुयारी मार्ग, रिंगरोड... पुण्यात राहून हे दिसत नसेल तर मी काय दाखवणार.

ज्यांच्या घरी हा मेसेज पोचलाय त्यांनी सीट सोडण्याआधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा, शिक्षण फी सोडून बाकी किती भरावं लागेल ते कॉलेजकडून लेखी घ्यावं आणि महाडीबीटीचा (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) फॉर्म दरवर्षी मुदतीत भरावा. मुलगा असेल तर सवलत प्रवर्गानुसार वेगळी आहे, अनेकांना शिक्षण फीच्या निम्मीच मिळते, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.