कापूर-निलगिरीच्या पुरचुंडीचा फॉरवर्ड: एका औषधविक्रेतीचं उत्तर

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठी लोक रात्र रात्र वणवण फिरत होते, तेव्हा एक निरोप घरोघरी पोचला. कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरी तेलाचे थोडे थेंब फडक्यात बांधा, ती पुरचुंडी दिवसभर हुंगत राहा, ऑक्सिजनची पातळी वाढते, लडाखला जाणाऱ्या पर्यटकांनाही हीच देतात. साथ ओसरली, पण निरोप काही गेला नाही. दर पावसाळ्यात तो परत येतो आणि येताना नव्या ओळी घेऊन येतो. यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, त्यात पुढे असं होतं: हेच तेल तान्ह्या बाळाच्या छातीला आणि नाकाखाली चोळा, अंघोळीच्या पाण्यात दहा थेंब घाला, खोकला असेल तर कोमट पाण्यातून दोन थेंब घ्या. सगळं नैसर्गिक, आपल्या आजीचं, अपाय शून्य.

मी वीस वर्षं औषधांच्या दुकानात बसते. हा निरोप फिरला की पुढचे दोन-चार दिवस निलगिरीच्या बाटल्या भराभर जातात, आणि घेणाऱ्यांत तान्ह्या बाळांच्या आया बऱ्याच असतात. म्हणून एकेका ओळीला उत्तर देते आहे.

"हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो"

नाही वाढत. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. पुरचुंडीतून निघणारी वाफ त्यात काही भर घालत नाही. रक्तात किती ऑक्सिजन जातो हे फुप्फुसांतल्या बारीक पिशव्या किती धड आहेत यावर ठरतं. तिथे सूज आली, पाणी भरलं, तर नाकाशी काहीही धरून उपयोग नाही.

मग मोकळं का वाटतं? कारण आपल्या नाकात थंडी ओळखणारे मज्जातंतू असतात. पुदिन्यातलं मेन्थॉल आणि निलगिरीतलं सिनिऑल त्यांना चेतवतात, आणि मेंदूला वाटतं की गार हवा भरभरून आत येते आहे. १९८३ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या रोनाल्ड एकल्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना कापूर, निलगिरी आणि मेन्थॉलची वाफ हुंगायला देऊन नाकातून हवा किती सहज वाहते ते मोजलं. हवेचा अडथळा तसाच होता. लोकांना मात्र श्वास मोकळा झाल्यासारखा वाटत होता. साध्या सर्दीत एवढ्या सुखाला माझी काही हरकत नाही. पण ऑक्सिमीटर ९० दाखवत असताना घरच्यांनी "आता बरं वाटतंय म्हणतात" म्हणून थांबायचं, हे जीवावर बेतणारं आहे. आकडा ९४ च्या खाली उतरला की डॉक्टर, त्यात वासाचा काही संबंध नाही.

लडाखचं म्हणाल तर लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथेही हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. हवेचा दाबच समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश होतो. त्यावर उपाय म्हणजे पहिले दोन दिवस विश्रांती, डॉक्टरांनी दिलेली गोळी, आणि त्रास वाढला तर ऑक्सिजन किंवा सरळ खाली उतरणं.

"आपल्या आजीचंच तर आहे"

या ओळीपाशी मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण माणसं फसतात ती इथे.

आजीने काय वापरलं ते आठवा. तव्यावर गरम केलेल्या ओव्याचा शेक. तुळशीची पानं, गवती चहाची पात, आलं घालून उकळलेला काढा. दाढ दुखली तर दाढेखाली धरलेली एक लवंग. ही सगळी पानं, बिया, कळ्या होत्या. आज बाटलीतून मिळतं ते पानांतून ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून आणि ती परत थंड करून, काढलेलं निव्वळ सुगंधी तेल. निलगिरीच्या पानात तेल असतं जेमतेम एक ते तीन टक्के. म्हणजे किलोभर तेलामागे तीस-पस्तीस किलो, कधी शंभरेक किलो पाला लागतो. ओव्याच्या दाण्यातही तेल दोन ते चार टक्केच. लवंग चावली की थोडं युजेनॉल हळूहळू सुटतं. लवंगेच्या तेलाच्या बाटलीत तेच सत्तर टक्क्यांहून जास्त असतं, आणि ते सरळ हिरडीवर ओतलं की हिरडी भाजते. वनस्पती तीच, नाव तेच, पण मात्रा कितीतरी पट.

आणि जिथे जुन्या लोकांनी खरोखर तीव्र वस्तू वापरल्या, तिथे मापही सांभाळलं. पुदिन्याचं फूल (मेन्थॉलचे खडे), ओव्याचं फूल (थायमॉलचे खडे) आणि कापूर एकत्र केले की तिन्ही कोरडे खडे आपोआप पाझरून पातळ होतात, तीच अमृतधारा. ती घरात कुठे असायची? फडताळात वरच्या फळीवर, लहानशा बाटलीत, थेंबाथेंबाने वापरायची. पोरांच्या हाती कुणी देत नसे. फॉरवर्डमध्ये अमृतधारेचं कौतुक उरलं आणि वरची फळी गेली.

"बाळाच्या छातीला, नाकाखाली"

कृपा करून नको. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेन्थॉलसारखा तीव्र वास आला तर प्रतिक्षिप्त क्रियेने त्याचा श्वास काही क्षण थांबू शकतो, स्वरयंत्र आवळू शकतं. कापूर तर त्वचेतूनही शरीरात शिरतो, आणि बाळाची कातडी पातळ. दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असं कितीतरी बामांच्या वेष्टनावर छापलेलं असतं. डबी उघडण्याआधी ते वाचा.

पोटात गेलं तर आणखी वाईट. एक ग्रॅमच्या आसपास कापूर खाऊन लहान मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही मिनिटांत आकडी येऊ शकते. कापराची वडी पांढरी, छोटी, पेपरमिंटच्या गोळीसारखी, आणि देव्हारा मुलाच्या हाताच्या उंचीवर. भीमसेनी कापूर घेतला म्हणून यात काही फरक पडत नाही. निलगिरी तेलाचाही एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, लहान मुलाला ग्लानीत किंवा आकडीत नेऊ शकतो. तपकिरी बाटली, फिरकीचं झाकण, खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवलेली. रात्री दोन वाजता, दिवा न लावता, झोपेत असलेल्या आईने चमचा भरला तर दोष कुणाला द्यायचा? म्हणून मी गिऱ्हाइकाला बाटली देतानाच सांगते: औषधांच्या डब्यात नाही, वेगळी, वर, कुलपात.

फीट येण्याचा आजार असलेल्या मोठ्यांनीही जपायला हवं. निलगिरी आणि कापूर असलेली तेलं-मलमं वापरल्यानंतर मोठ्या माणसांना फीट आल्याचे अनुभव बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केले आहेत. दम्याच्या रुग्णाला तर नुसत्या उग्र वासानेही धाप लागू शकते.

"अंघोळीच्या पाण्यात दहा थेंब"

तेल पाण्यात मिसळत नाही. ते बादलीवर तरंगतं आणि तांब्याबरोबर जसंच्या तसं अंगावर, नाजूक जागी, डोळ्यांत जातं. मोठ्या माणसाला अंगाला लावायचंच असेल तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करा. ३० मिली खोबरेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं माप घेतलं की मोजता येतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहा. लवंग आणि दालचिनीची तेलं यापेक्षाही कमी, आणि चेहऱ्याला मुळीच नको.

पिळून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गमॉटचं (संत्र्या-लिंबाच्या जातीचं एक फळ) तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते आणि महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. उन्हाळ्यात भराभर लिंबं पिळून बाहेर गेलेल्यांच्या हातांवर असेच डाग उठतात, ते पाहिलेच असतील. आणि जुनी, अर्धी रिकामी बाटली जपून ठेवू नका. हवा आणि उजेडाने तेल बदलतं आणि ॲलर्जी जास्त करतं. टी ट्री (एका ऑस्ट्रेलियन झाडाचं तेल) आणि संत्र्या-लिंबाच्या तेलांचं तर हमखास.

"कोमट पाण्यातून दोन थेंब"

पिऊ नका. एवढंच.

घरात डिफ्युझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र, लावणाऱ्यांनाही दोन शब्द. खिडकी उघडी ठेवा, अर्ध्या तासाने बंद करा, तान्ह्या बाळाच्या खोलीत नको. घरात मांजर असेल तर लावूच नका. मांजराच्या यकृताला या तेलांतली कितीतरी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगावर बसलेलं तेल ते चाटून पोटात घेतं. तेल भिजलेली फडकी गॅसपासून, निरांजनापासून लांब ठेवा. निलगिरी तेलाची वाफ सुमारे ४८ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते.

मुलाने तेल किंवा कापूर खाल्लाच, तर बोटं घालून ओकायला लावू नका. ओकताना तेल फुप्फुसात उतरतं आणि आकडीचा धोका असतोच. "बघू या जरा वेळ" नको. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने थेट मोठं रुग्णालय गाठा, बाटली बरोबर न्या. तेल डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहतं स्वच्छ पाणी, मग डॉक्टर.

आणि पुरचुंडी आधीच बांधून बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवली असेल, तर आत्ता काढून टाका. सर्दीने बाळ कुरकुरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तोवर शेक द्यायचाच असेल तर कोरडा ओवा घ्या, तव्यावर गरम करा, सुती फडक्यात बांधा, आणि बाळाला टेकवण्याआधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा.